जुन्या लेथ यंत्राचे मूल्यमापन व पुनरुज्जीवन : नवशिक्याच्या दृष्टीने एक विवेचन

बीजसंज्ञा : लेथ, बेडची झीज, स्पिंडल, समतलन, स्क्रेपिंग, निर्लेखन

प्रस्तावना

महाविद्यालयाच्या कार्यशाळेत, भौतिकशास्त्र विभागाच्या मागील खोलीत किंवा व्यवसाय अभ्यासक्रमाच्या बंद पडलेल्या शेडमध्ये एखादे जुने लेथ यंत्र धूळ खात पडलेले असते. डेडस्टॉक रजिस्टरमध्ये त्याची नोंद असते, प्रत्यक्षात मात्र त्यावर कुणी काम करीत नाही. निर्लेखन समिती बसते, सदस्यांपैकी कुणीही टर्नर नसतो, यंत्र गंजलेले दिसते आणि ते भंगाराच्या वजनावर निघून जाते. याच्या उलटही घडते. ताजा हिरवा रंग दिलेले जुने यंत्र बाजारातून 'चालू स्थितीत' म्हणून घेतले जाते आणि पहिल्या सहा महिन्यांतच त्यावर सरळ दांडा कातला जात नाही, हे लक्षात येते. दोन्ही निर्णय यंत्राच्या दर्शनी रूपावरून घेतलेले असतात. लेथच्या बाबतीत दर्शनी रूप हा सर्वांत कमी भरवशाचा पुरावा होय.

ज्याने कधी लेथ चालविलेला नाही, परंतु ज्याच्यावर असे यंत्र पारखण्याची, घेण्याची अथवा दुरुस्त करवून घेण्याची जबाबदारी आली आहे, अशा प्राध्यापकास किंवा हौशी अभ्यासकास काय पाहावे व कोणत्या क्रमाने पाहावे हे कळावे, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. विवेचन साडेचार ते सहा फुटी बेडच्या साध्या सेंटर लेथपुरते मर्यादित आहे, कारण आपल्याकडे बहुतांश संस्थांत व लहान कारखान्यांत हाच आकार आढळतो.

लेथचे मूल्य कशात असते?

लेथ हे वरकरणी मोटर, गिअर आणि हँडल यांचे यंत्र दिसते. तत्त्वतः मात्र ते दोन रेषांचे यंत्र आहे. एक रेषा स्पिंडलच्या भ्रमणाचा अक्ष आणि दुसरी रेषा हत्यार ज्या मार्गाने सरकते तो मार्ग. या दोन रेषा परस्परांस जितक्या समांतर, तितका कातलेला दांडा खरा दंडगोल. मोटर बदलता येते, गिअर नवा करवून घेता येतो, हँडल तर कोणीही बसवील. परंतु ओतीव लोखंडाच्या बेडवरील सरकपट्ट्या झिजल्या म्हणजे यंत्राची भूमितीच बदलते आणि ती परत आणणे हे सर्वांत महागडे काम ठरते.

ही भूमिती मुळात कशी निर्माण झाली, हे पाहणे उद्बोधक आहे. हेन्री मॉडस्ले याने १८०० च्या सुमारास आटे कापणारा, अचूक लीड स्क्रू असलेला लेथ लंडनमध्ये उभा केला. त्याच्या हाताखाली काम केलेल्या जोसेफ व्हिटवर्थने १८४० साली ग्लासगो येथील ब्रिटिश असोसिएशनच्या अधिवेशनात अचूक सपाट पृष्ठ तयार करण्याची पद्धत मांडली. तीन पट्ट घ्यावयाचे, आळीपाळीने प्रत्येक जोडी रंग लावून एकमेकांवर घासावयाची आणि जेथे रंग उमटेल तो उंच बिंदू स्क्रेपरने खरवडावयाचा. दोनच पट्ट घेतले तर एक किंचित फुगीर व दुसरा तितकाच खोलगट होऊनही ते परस्परांस तंतोतंत बसू शकतात. तिसरा पट्ट आला की ही सोय उरत नाही. तिघेही एकमेकांस बसावयाचे तर तिघांनाही सपाटच व्हावे लागते. कोणतेही आधीचे प्रमाण हाताशी नसताना केवळ तर्काने प्रमाण उत्पन्न करण्याचे हे उदाहरण गणिताच्या वर्गातही सांगण्याजोगे आहे. जुन्या लेथच्या सरकपट्ट्यांवर जे चंद्रकोरीसारखे बारीक ठसे दिसतात, ते या खरवडकामाचे असतात.

महाराष्ट्राच्या वाचकास या यंत्राचा इतिहास अगदीच परका नाही. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० साली किर्लोस्करवाडी वसविली आणि याच उद्योगसमूहातून १९४१ साली हरिहर येथे म्हैसूर किर्लोस्कर हा लेथ बनविणारा कारखाना निघाला. हरिहरचा कारखाना आता बंद आहे, पण त्याचे लेथ ठिकठिकाणी आजही टिकून आहेत. १९५३ साली बंगळूर येथे स्थापन झालेल्या हिंदुस्तान मशीन टूल्सने स्विस ओर्लिकॉन कंपनीच्या सहकार्याने लेथचे उत्पादन सुरू केले. याखेरीज बटाला, लुधियाना व राजकोट येथील असंख्य लहान कारखान्यांचे लेथ देशभर पसरले. या शेवटच्या गटात गुणवत्तेची तफावत फार मोठी आहे. म्हणून नावाच्या पाटीवरून निष्कर्ष काढू नये. प्रत्येक यंत्र स्वतंत्रपणे तपासावे.

बेडची झीज : काय बिघडते आणि किती

कॅरेज ज्या पट्ट्यांवरून सरकते त्यांची झीज सर्वत्र सारखी होत नाही. बहुतेक कामे आखूड असतात, त्यामुळे कॅरेजचे आयुष्य चकपासून पुढच्या फूट-दीड फुटात जाते. तेथे किसही सर्वाधिक पडतो आणि तेलात मिसळून पॉलिश पेपरसारखे घासकाम करतो. परिणामी चकजवळ खळगा आणि टेलस्टॉककडे जवळजवळ मूळ पृष्ठ, अशी स्थिती होते. त्यातही पुढची, म्हणजे कारागिराच्या बाजूची पट्टी मागच्या पट्टीपेक्षा अधिक झिजते.

या झिजेचा परिणाम किती, याविषयी दोन टोकांची मते ऐकू येतात. काहींच्या मते झिजलेला बेड म्हणजे भंगार. काही म्हणतात, त्याने काहीही बिघडत नाही. थोडे गणित केल्यास दोन्ही मतांचे स्थान स्पष्ट होते.

प्रथम असे समजू की दोन्ही पट्ट्या सारख्याच झिजल्या आणि हत्याराचे टोक ०.१ मिमी सरळ खाली गेले. ५० मिमी व्यासाच्या, म्हणजे २५ मिमी त्रिज्येच्या दांड्यावर यामुळे त्रिज्येत पडणारा फरक हा उतरणीचा वर्ग भागिले त्रिज्येची दुप्पट, म्हणजे ०.०१ भागिले ५०, अर्थात ०.०००२ मिमी इतका येतो. तो साध्या मायक्रोमीटरवर दिसणारही नाही. केवळ उभी झीज ही दुय्यम प्रतीची त्रुटी आहे.

आता असे समजू की फक्त पुढची पट्टी ०.१ मिमी झिजली आणि मागची शाबूत राहिली. कॅरेज पुढे कलते. दोन पट्ट्यांतील अंतर २५० मिमी आणि बेडपासून सेंटरची उंची १६५ मिमी धरल्यास हत्याराचे टोक कारागिराच्या दिशेने ०.१ × १६५ ÷ २५० म्हणजे सुमारे ०.०६६ मिमी मागे सरते. हा फरक थेट त्रिज्येत उतरतो आणि व्यासात दुप्पट होतो. चकजवळ दांडा सुमारे ०.१३ मिमी जाड निघतो. बेअरिंग बसविण्याच्या दांड्यासाठी ही चूक अक्षम्य होय. तीच ०.१ मिमी झीज एका स्थितीत नगण्य आणि दुसऱ्या स्थितीत घातक ठरते. म्हणून 'बेड किती झिजला आहे?' या प्रश्नापेक्षा 'कोणत्या बाजूने झिजला आहे?' हा प्रश्न अधिक महत्त्वाचा आहे.

येथे आणखी एक बाब विचारात घ्यावी लागते. वरील चूक संपूर्ण खळग्याच्या लांबीत वाटली गेलेली असते. २५ मिमी लांबीचे बुश कातताना कॅरेज खळग्याच्या एका लहानशा भागातच सरकते आणि त्यात पडणारा उतार अत्यल्प असतो. व्यास मोजून घेत काम केले तर अशा यंत्रावर आखूड कामे उत्तम होतात. प्रयोगशाळेतील उपकरणांचे भाग, फ्लँज, बुश, स्टँडचे खांब अशी कामे बहुधा आखूडच असतात. त्यामुळे कारखान्याने टाकून दिलेला लेथ महाविद्यालयास वीस वर्षे उपयोगी पडू शकतो, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. तीनशे मिमी लांबीचे अचूक शाफ्ट कातावयाचे असतील तर मात्र हेच यंत्र घेऊ नये.

प्रत्यक्ष पाहणी

पाहणीस जाताना चुंबकी स्टँडसह डायल गेज, मायक्रोमीटर, विजेरी, कापडाच्या चिंध्या, थोडे तेल आणि ३० ते ४० मिमी जाडीचा, दोनएकशे मिमी लांबीचा माइल्ड स्टीलचा तुकडा एवढे साहित्य पुरेसे असते. शक्य झाल्यास एखाद्या निवृत्त टर्नरला सोबत न्यावे. त्याच्या हातास जे पाच मिनिटांत कळते, ते डायल गेजला तासभर लागते.

प्रारंभी सरकपट्ट्या पुसून नख फिरवावे. कॅरेजचा स्पर्श जेथे होत नाही, अशी अरुंद कड व्ही पट्टीच्या माथ्याशी किंवा कडेला असते. तेथून घासलेल्या भागाकडे नख नेताना पायरी लागली, तर ती झिजेची खूण होय. त्यानंतर कॅरेज चकजवळ आणून तिचा लॉक बोल्ट असा आवळावा की ती जेमतेम सरकेल. मग ती टेलस्टॉककडे न्यावी. उजवीकडे जाताना ती अडकू लागली, तर चकजवळील खळगा निश्चित समजावा. शेवटपर्यंत सारख्याच जोराने सरकली तर झीज कमी आहे. या परीक्षेस कोणतेही उपकरण लागत नाही, म्हणून तिचे मोल फार आहे.

मोजमाप हवे असल्यास बेडची रचना साहाय्यास येते. पुष्कळ लेथवर चार पट्ट्या असतात. बाहेरच्या दोन कॅरेजच्या आणि आतल्या दोन टेलस्टॉकच्या. चकजवळ टेलस्टॉक क्वचितच येतो, त्यामुळे तेथील आतल्या पट्ट्या बव्हंशी मूळ स्थितीत असतात. डायल गेजचा स्टँड कॅरेजवर ठेवून टोक आतल्या सपाट पट्टीवर टेकवावे आणि कॅरेज संपूर्ण लांबीत फिरवावी. जेवढा काटा हलेल, तेवढी कॅरेज खाली-वर होते. स्टँड प्रथम पुढच्या बाजूस व नंतर मागच्या बाजूस ठेवून दोनदा वाचन घेतल्यास वर सांगितलेला कल किती आहे, हेही समजते.

स्पिंडलची परीक्षा यानंतर करावी. तीन जॉच्या चकमध्ये दांडा धरून तो हलतो म्हणून स्पिंडल खराब, हा निष्कर्ष नवशिके हमखास काढतात. तीन जॉचा जुना चक स्वतःच ०.०५ ते ०.१ मिमी विचलन देतो आणि त्याचे जॉ पुढच्या तोंडाशी झिजलेले असतात. म्हणून चक उतरवून स्पिंडलच्या आतल्या शंकूवर किंवा चक बसण्याच्या कडेवर डायल गेज लावावे आणि स्पिंडल हाताने फिरवावा. बर्लिनचे प्राध्यापक जॉर्ज श्लेझिंगर यांनी १९२७ साली यंत्र-परीक्षणाच्या ज्या कसोट्या ग्रंथरूपाने मांडल्या, त्यांच्या परंपरेत नव्या लेथच्या स्पिंडलचे विचलन ०.०१ मिमीच्या आसपास अपेक्षिले जाते. जुन्या यंत्रात याच्या दुपटीपर्यंत समाधान मानावे. पुढे चकमध्ये भक्कम दांडा धरून तो वर उचलण्याचा जोर द्यावा आणि स्पिंडलच्या तोंडाशी गेज ठेवून ढिलेपणा पाहावा. जोर काढताच काटा पूर्ववत होत असेल आणि हालचाल एक-दोन शतांश मिमी असेल, तर काळजीचे कारण नाही. काटा खटकन उडी मारीत असेल तर बेअरिंग ढिले आहे. मात्र ढिले बेअरिंग म्हणजे खराब बेअरिंग नव्हे. टेपर रोलर बेअरिंग आवळता येते. जुन्या गनमेटलच्या बुशमध्येही आवळण्याची सोय पुष्कळदा केलेली असते.

यंत्र वीजजोडणीसह असेल तर ते अर्धा तास मध्यम गतीने चालू ठेवण्याचा आग्रह धरावा. विक्रेता पाच मिनिटांत बंद करू पाहतो, तेव्हा हा आग्रह अधिकच आवश्यक असतो. अर्ध्या तासानंतर हेडस्टॉक कोमट लागला पाहिजे. हात ठेववत नसेल तर आत बिघाड आहे. प्रत्येक गिअर टाकून आवाज ऐकावा. ठरावीक अंतराने येणारी टकटक एखादा दात तुटल्याचे सुचविते, तर सलग घरघर सामान्य झिजेची असते आणि ती सहन करता येते. बॅक गिअर आवर्जून पाहावा, कारण अडकलेला चक काढण्यासाठी तो गुंतवून झटका देण्याची वाईट सवय अनेक कार्यशाळांत असते आणि दात तेथेच तुटतात.

क्रॉस स्लाइडच्या हँडलमध्ये पाव फेरा रिकामा जातो, म्हणून यंत्र नाकारण्याचे कारण नाही. तो बॅकलॅश होय. हत्यार नेहमी एकाच दिशेने आत घेतले की त्याचा उपद्रव होत नाही, आणि गनमेटलचा नवा नट कोणताही चांगला टर्नर करून देतो. याउलट स्लाइड स्वतः डावी-उजवी हलत असेल आणि गिब पट्टी आवळूनही मधल्या भागात ढिली व टोकाशी घट्ट लागत असेल, तर ती झीज खरी समजावी.

ओतीव भागांवरील भेगा पाहताना ताज्या रंगाविषयी साशंक राहावे. रंगाच्या थराखाली लांबी भरून भेग झाकणे अवघड नसते. गॅप बेडच्या तुकड्याचे सांधे, टेलस्टॉकचा पाया, एप्रनच्या बोल्टांची छिद्रे आणि बेडचे पाय या जागा विजेरीच्या तिरप्या प्रकाशात तपासाव्यात. गंजलेले परंतु रंग न दिलेले यंत्र हे निदान प्रामाणिक असते.

जोडसाहित्य आणि इंचाचा प्रश्न

लेथची किंमत ठरविताना सोबत काय मिळते, हे निर्णायक ठरते. चार जॉचा चक, फेसप्लेट, स्टेडी रेस्ट, टेलस्टॉकचा ड्रिल चक आणि आटे कापण्याच्या चेंज गिअरचा पूर्ण संच यांपैकी एकेक वस्तू नंतर गोळा करू गेल्यास मूळ यंत्राच्या किमतीशी स्पर्धा करणारा खर्च होतो. चेंज गिअर हरवलेले असणे फार सर्वसामान्य आहे.

आपल्या देशात वजने व मापे प्रमाण कायदा १९५६ साली झाला आणि मेट्रिक पद्धती १९५८ पासून टप्प्याटप्प्याने अमलात आली. त्यापूर्वीच्या, आणि नंतरच्याही कित्येक लेथचे लीड स्क्रू इंचाचे, बहुधा इंचास चार आट्यांचे आहेत. अशा यंत्रावर मेट्रिक आटे कापावयाचे तर १२७ दात्यांचे चाक लागते. एक इंच म्हणजे २५.४ मिमी, आणि २५.४ हा १२७ भागिले ५ असा अपूर्णांक आहे. १२७ ही मूळ संख्या असल्याने लहान चाकांच्या गुणाकारातून ती मिळत नाही. मोठे चाक नसेल तर ६३ दात्यांचे चाक वापरून काम भागविता येते. १०० भागिले १२७ याऐवजी ६३ भागिले ८० घेतल्यास चूक सुमारे आठ हजारांत एक एवढीच पडते; म्हणजे ३०० मिमी लांबीत चार शतांश मिमीहूनही कमी. नट-बोल्टसाठी ती पूर्णतः ग्राह्य आहे.

स्वच्छता आणि जुळणी

यंत्र जागेवर आणताना दोरखंड किंवा पट्टे लीड स्क्रू व फीड रॉडवर येऊ देऊ नयेत, कारण ते तेथेच वाकतात. हेडस्टॉकची बाजू जड असते आणि यंत्राचा गुरुत्वमध्य उंच असतो, त्यामुळे लेथ कलंडतो तो बहुधा पुढच्या किंवा मागच्या बाजूस. हे काम क्रेनवाल्याकडे अथवा अनुभवी हमालांकडे सोपवावे.

घरी किंवा कार्यशाळेत आल्याबरोबर संपूर्ण यंत्र खोलण्याचा मोह होतो. तो टाळावा. खोललेल्या यंत्राचे डबे वर्षानुवर्षे कपाटात पडून राहतात, हे अनेक संस्थांत पाहावयास मिळते. एका वेळी एकच जुळणी उतरवावी, छायाचित्रे घ्यावीत, पुसून, तेल देऊन परत बसवावी आणि मगच दुसरीकडे वळावे. साफसफाईसाठी रॉकेल किंवा डिझेल आणि पितळी ब्रश पुरे. पेट्रोल वापरू नये. सरकपट्ट्यांवरील गंज तेल लावलेल्या बारीक लोखंडी लोकरीने, हाताने आणि सौम्यपणे काढावा. एमरी पेपर वापरू नये, कारण त्याचे कण ओतीव लोखंडात रुतून बसतात व पुढे झीज वाढवितात. याच कारणास्तव हवेच्या फवाऱ्याने किस उडविणेही वर्ज्य आहे. त्याने किस कॅरेजच्या खाली ढकलला जातो. कॅरेजच्या दोन्ही टोकांस असलेली फेल्टची पुसणी बहुधा दगडासारखी घट्ट झालेली असते. ती बदलण्याचा खर्च किरकोळ आणि लाभ मोठा आहे.

लहान गंजलेले भाग धुण्याच्या सोड्याच्या द्रावणात विद्युतअपघटनाने उत्तम स्वच्छ होतात. भाग ऋण अग्रास व साधे लोखंड धन अग्रास जोडावे. धन अग्रासाठी स्टेनलेस स्टील कदापि घेऊ नये, कारण त्यातून विषारी क्रोमियम संयुगे द्रावणात उतरतात. ज्वालाग्राही हायड्रोजन निघत असल्याने काम उघड्यावर करावे. स्प्रिंग व कठीण केलेले भाग या पद्धतीने स्वच्छ करू नयेत. हायड्रोजनमुळे ते ठिसूळ होण्याची भीती असते. जुन्या रंगात शिसे असू शकते, म्हणून तो कोरडा घासू नये.

तेल देण्याच्या छिद्रांत ग्रीस भरलेले आढळल्यास ते संपूर्ण काढावे. छिद्रातून अरुंद वाटेने सरकपट्टीपर्यंत तेल जाण्याची योजना असते आणि ग्रीसने ती वाट कायमची बुजते. अनेक 'झिजलेल्या' कॅरेज प्रत्यक्षात उपाशी असतात.

समतलन

स्वच्छता व गिब पट्ट्यांची जुळणी झाल्यावर यंत्र जमिनीवर नीट बसविणे, हे पुनरुज्जीवनातील सर्वांत स्वस्त व सर्वांत दुर्लक्षित काम आहे. एवढा जाड बेड वाकेल कसा, अशी शंका स्वाभाविक आहे. परंतु असमान फरशीवर चार पाय आवळले की बेडला पीळ पडतो, आणि पिळाचा परिणाम पुढच्या पट्टीच्या झिजेसारखाच होतो. न झिजलेला लेथही मग निमुळता दांडा कातू लागतो.

मीटरला ०.०२ मिमी इतकी संवेदनशील पाणसळ मिळाली तर ती कॅरेजवर आडवी ठेवून बेडच्या दोन्ही टोकांस वाचन घ्यावे. बुडबुडा मध्यावर असण्यापेक्षा दोन्ही टोकांस तो एकाच जागी असणे महत्त्वाचे. यंत्र समतल असावे असे नाही, ते पिळलेले नसावे. गवंड्याची पाणसळ या कामास निरुपयोगी आहे. अचूक पाणसळ नसल्यास लेथलाच विचारावे. सोबत नेलेला दांडा चकमध्ये धरून सुमारे १५० मिमी बाहेर ठेवावा, टेलस्टॉकचा आधार देऊ नये. दांड्याचा मधला भाग थोडा बारीक करून दोन्ही टोकांस दोन कडी शिल्लक ठेवावीत. धारदार हत्याराने, क्रॉस स्लाइडला हात न लावता, एकाच हलक्या कापात दोन्ही कडी कातावीत आणि मायक्रोमीटरने मोजावीत. टेलस्टॉककडील कडे जाड निघाले, तर त्या टोकास बेड कारागिराकडे कललेला आहे. तेथील पुढच्या पायाखाली पातळ पत्र्याचे पॅकिंग द्यावे. बारीक निघाले तर मागच्या पायाखाली. पुन्हा कातावे, पुन्हा मोजावे. दोन कड्यांतील फरक एक-दोन शतांश मिमीवर आला की थांबावे.

टेलस्टॉकची जुळणी यानंतरच करावी. तो झिजून किंचित खाली बसलेला असतो. त्याच्या दोन भागांमध्ये पत्रा देऊन उंची साधता येते. समतलन होण्यापूर्वी टेलस्टॉक सरकवून दांडा सरळ करणारा नवशिक्या एक चूक दुसरीने झाकतो आणि पुढे दोन्ही शोधत बसतो.

स्क्रेपिंग की ग्राइंडिंग?

एवढे करूनही आवश्यक अचूकता न मिळाल्यास बेडच्या दुरुस्तीचा प्रश्न उद्भवतो. व्यावसायिक कार्यशाळेत बेड ग्राइंड करून मिळतो, परंतु तेवढ्याने काम संपत नाही. पट्ट्यांवरून काही दशांश मिमी थर निघाला की कॅरेज खाली बसते, एप्रन खाली येतो आणि हाफ नट व लीड स्क्रू यांचे अक्ष जुळेनासे होतात. त्यासाठी कॅरेजच्या खाली योग्य जाडीची पट्टी चिकटवून ती स्क्रेप करावी लागते. दरपत्रक मागविताना केवळ 'बेड ग्राइंडिंग' असे न लिहिता ही संपूर्ण जुळणी समाविष्ट आहे का, हे लेखी विचारावे. हाताने स्क्रेपिंग करणारे कारागीर आता विरळ होत चालले आहेत. नवशिक्याने बेडला हात न लावता कंपाउंड स्लाइडसारख्या लहान भागावर, सरफेस प्लेट व प्रशियन ब्लू घेऊन हे कौशल्य शिकण्यास हरकत नाही. तेथे बिघडले तरी नुकसान मर्यादित राहते.

वीज आणि सुरक्षितता

जुनी मोटर बहुधा थ्री फेज असते. सिंगल फेज जोडणीवर ती चालविण्यासाठी व्हेरिएबल फ्रीक्वेन्सी ड्राइव्ह हा आता परवडणारा मार्ग आहे. जुने वायरिंग मात्र पूर्ण काढून टाकावे, अर्थिंग नव्याने करावे आणि वीज जाऊन परत आल्यावर यंत्र आपोआप सुरू होणार नाही असा स्टार्टर बसवावा. भारनियमन अनुभवलेल्या भागात याचे महत्त्व वेगळे सांगावयास नको. पट्ट्यावरील व गिअरवरील झाकणे जुन्या यंत्रांतून हमखास गायब असतात. ती पत्र्याची करवून घेतल्याशिवाय विद्यार्थ्यांस यंत्राजवळ येऊ देऊ नये. फिरत्या लेथवर हातमोजे घालणे धोकादायक आहे; मोजा गुंतला की हात त्यामागे जातो. ओढणी, सैल बाही, मोकळे केस यांस तोच नियम. चकची किल्ली चकमध्ये विसरून यंत्र सुरू करणे हा सर्वांत जुना अपघात आहे. ज्या यंत्रांचा चक आट्यांवर बसतो, त्यांत स्पिंडल वेगाने उलटा फिरविल्यास किंवा एकदम थांबविल्यास चक उकलून बाहेर पडू शकतो. ड्राइव्ह बसविलेल्या यंत्रात हा धोका वाढतो, कारण उलट फिरविणे आता एका बटणाचे काम झालेले असते.

निर्लेखन समितीसाठी

समितीपुढे असे यंत्र आल्यास अहवालात 'जुने व नादुरुस्त' एवढा शेरा पुरेसा मानू नये. कॅरेजचे चकजवळील व टेलस्टॉकजवळील वाचन, स्पिंडलचे विचलन, तुटलेल्या दात्यांची संख्या, उपलब्ध जोडसाहित्याची यादी आणि दोन कड्यांच्या कसोटीतील फरक अशा पाच नोंदी अर्ध्या दिवसात घेता येतात. स्पिंडल चांगला व झीज ०.१ मिमीच्या आत असेल, तर यंत्र ठेवण्याच्या बाजूने कौल द्यावा. बेड तडकलेला असेल, हेडस्टॉकचे गिअर मोडले असून त्या बनावटीचे सुटे भाग मिळत नसतील, किंवा कॅरेज मध्येच अडकण्याइतका खळगा पडला असेल, तर यंत्र काढून टाकणे योग्यच होय. तशा वेळीही लिलावापूर्वी चार जॉचा चक, फेसप्लेट, चेंज गिअर आणि टेलस्टॉकचे सेंटर नियमानुसार वेगळ्या नोंदीने काढून ठेवावेत. भंगारात त्यांस लोखंडाचा भाव मिळतो. दुसऱ्या लेथवर ते जसेच्या तसे चालतात.